न घातलेला कोट

कोट ओळखायला स्टेलियानाला क्षणही लागला नाही. वेळ लागला तो खालची पाटी वाचायला, कारण चष्मा पर्सच्या तळाशी जाऊन बसला होता आणि एका हातात कुणीतरी कोंबलेला वाइनचा प्लास्टिकचा पेला होता. तोवर, खोटं कशाला सांगायचं, तिला आनंदच झाला होता. हळदी रंगाचा तो जाड लोकरी कोट, उजव्या खिशाच्या कडेला तिनेच घातलेले टाके, वरून दुसरं बटण बाकीच्यांपेक्षा जरा गडद. अगं बाई, हा तर आपला, असं तिच्या मनात आलं, घरातलं माणूस परगावच्या स्टेशनावर अचानक दिसावं तसं. मग चष्मा सापडला. पाटीवर ओक्तावचं नाव होतं आणि खाली तीन लहान वाक्यं. माझ्या मित्राचा कोट. तो गेल्यावर चाळिसाव्या दिवशी त्याच्या आईने मला दिला. मी तो एकदाही घातलेला नाही. तिने पुन्हा वाचलं. पेपर तपासताना एखाद्या हुशार मुलाने शेवटच्या पायरीला घोळ घातलेला दिसला की ती अशीच परत वर जाऊन वाचायची, आपलंच काही चुकत असेल म्हणून. एकदाही नाही. तीन हिवाळे. तिच्या पायांतून गारठा वर चढला, गुडघ्यांपर्यंत आला आणि तिथेच थांबला. पेला ठेवायला जवळपास टेबल नव्हतं, म्हणून तो घट्ट धरून ती तशीच उभी राहिली.

प्रदर्शन डॅन्यूबकाठच्या ब्रइलाच्या बंदरावरच्या जुन्या धान्यकोठारात होतं. सात तरुण मुलामुलींनी मिळून भरवलेलं, नाव ‘आपण कुणासारखे?’ ओक्तावने मुद्दाम फोन करून सांगितलं होतं की बाई, तुम्ही यायचंच, तुमच्यासाठी एक गोष्ट ठेवलीय. बाई म्हणायची सवय त्याची सातवीपासूनची. तिने त्याला आणि रारेशला एकाच बाकावर बसवून पदार्थविज्ञान शिकवलं होतं, आणि रारेश पोटचा पोरगा असूनही वर्गात तिला बाईच म्हणायचा, मग घरी आला की भरपाई म्हणून दारातूनच जोरात आई. त्या फोनमुळे तिने बऱ्याच दिवसांनी केस रंगवले, लिपस्टिक लावली, जास्त झाली म्हणून पुसली, परत लावली. आत आल्यावर शहाण्या पाहुण्यासारखी डावीकडून सुरुवात करून ती एकेक बघत आली होती. एका मुलीने इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करायला गेलेल्या आयांचे चेहरे रंगवले होते, मोबाइलच्या पडद्यावर दिसतात तसे, बोलता बोलता थिजलेले. एकाने आपल्या ओळखपत्राचा फोटो दाराएवढा मोठा करून त्यातला चेहरा ब्लेडने खरवडून काढला होता. कुणी आजीचे डोक्याचे रुमाल दोरीवर वाळत घातले होते. बिचारी पोरं, स्टेलियानाच्या मनात आलं, आपण कोण हे शोधायला केवढा पसारा मांडावा लागतो यांना. आमच्या वेळी तुम्ही कोण ते सरकारच सांगायचं, आणि आम्ही गुपचूप दुसरंच काहीतरी असायचो. हे ओक्तावला ऐकवायचं, तो पोट धरून हसेल, असं ठरवून ती वळली, आणि समोरच्या भिंतीवर एका साध्या खिळ्याला कोट होता.

तो घ्यायला ती आणि रारेश शेजारच्या गलात्स शहरात गेली होती. रारेशला पहिली नोकरी लागली तेव्हाची गोष्ट. तिला काळा हवा होता, कशावरही चालेल असा. त्याने हा हळदी उचलला, आरशासमोर फिरून फिरून बघितला आणि किंमत वाचायच्या आत अंगावरच ठेवला. थंडीचं त्याला लहानपणापासून भारी वावडं. बाप इटलीला गेला आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसला, तेव्हापासून हिवाळ्यात तो तिच्या अंथरुणात शिरायचा आणि बर्फासारखे पाय तिच्या पोटऱ्यांना लावायचा. ती ओरडायची, तो खिदळायचा. आणि तो गेला नेमका त्याच दिवशी कोट खुंटीवर राहिला. गाडीत हीटर आहे, तासाभराचं तर काम, म्हणत तो पातळ जाकिटावर गेला. दुपारनंतर मैदानावरून क्रिव्हेत्स सुटला. तो वारा सुटला की या भागात कुत्रंही बाहेर पडत नाही. गाडी रस्ता सोडून शेतात उतरली, त्याचा पाय अडकला, फोन कुठे पडला कोण जाणे, आणि बर्फ हटवणारी माणसं तिथे सकाळी पोचली. डॉक्टरने तिला समोर बसवून सांगितलं होतं, हाड तर जुळलं असतं हो, थंडीने नेला. ते दोन शब्द ती पुढे कितीतरी दिवस तोंडातल्या तोंडात म्हणत होती. भांडी घासताना, फळा पुसताना, थंडीने नेला, थंडीने नेला, जणू थंडी म्हणजे कुणी नात्यातली बाई. रात्री झोपेत आपले पाय आपल्याच पांघरुणात उबदार झालेत हे जाणवलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ती पाय बाहेर काढून ठेवायची.

कोटाचं काय करायचं हे तिच्या थोरल्या बहिणीने ठरवलं. लिक्सांद्रा गावाकडची, देवाधर्माची आणि जिभेने फटकळ. चाळिसाव्या दिवशी गेलेल्याच्या नावाने टोपीपासून बुटांपर्यंत सगळ्या कपड्यांचं दान द्यायचं असतं. जो घेईल त्याने ते वापरायचे, आणि तो वापरतो तसतसे ते तिकडे गेलेल्याच्या अंगावर चढतात. नुसतं देऊन भागत नाही. ताटातलं खाल्लं गेलं पाहिजे, पेल्यातलं प्यायलं गेलं पाहिजे, कपडा कोपरात झिजला पाहिजे. हे सगळं लिक्सांद्रा गेलेल्याच्या नावाने वाटायची गव्हाची गोड कोलिवा ढवळत ढवळत, भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती. स्टेलियाना म्हणाली, ताई, या भाकडकथा मला नको. तिने जन्मभर मुलांना ऊर्जा कुठून येते आणि कुठे जाते हे फळ्यावर मांडून दाखवलेलं, तिला हे कसं गळी उतरावं. त्यावर लिक्सांद्राने ढवळायचं थांबवलं.

"नसू दे तुझा विश्वास. त्याला थंडी वाजायला तुझा विश्वास लागत नाही."

दान द्यायचं ठरलं. बहिणीने चर्चची घंटा वाजवणाऱ्याचा भाचा सुचवला होता. अंगकाठीने थेट रारेश, आणि त्याच्याकडे धड कोटही नव्हता. पण तिथे मात्र स्टेलियाना अडून बसली, द्यायचा तर ओक्तावलाच. त्याचा मित्र म्हणून, असं तिने सांगितलं, आणि लिक्सांद्राने कर माझं काय जातंय म्हणून सोडून दिलं. खरं कारण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. ओक्ताव आणि रारेश पाठमोरे सारखे चालायचे. पहिलीपासून बरोबर चालून चालून एकाची लकब दुसऱ्याला लागली होती, डावा खांदा जरा खाली, पाय घाईत आणि डोकं निवांत. ओक्ताव कोट घालून रस्त्याने जाईल आणि आपण मागून बघू, चष्मा काढून, डोळे किलकिले करून, एवढाच तिचा स्वार्थ. उंबऱ्यावर मेणबत्ती लावली, कपड्यांना धूप दाखवला, कोट उंबऱ्यावरून पलीकडे दिला. त्याच्या आत्म्यासाठी, ती म्हणाली. देव त्याला क्षमा करो, ओक्ताव म्हणाला आणि त्याने कोट दोन्ही हातांवर घेतला, झोपलेलं मूल घ्यावं तसा. तिला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण ती त्या वेळी मेणबत्ती विझू नये म्हणून तिच्याभोवती हात धरून उभी होती.

पुढे ओक्ताव चित्रकला शिकायला बुखारेस्टला गेला. नाताळात तो न चुकता तिच्याकडे यायचा, तेव्हा त्याच्या अंगात कुठलं तरी निळं जाकीट असायचं. विचारायचा तिला धीर होत नव्हता. दिलेल्या दानाची चौकशी करू नये, केली तर ते परत मागितल्यासारखं होतं, एवढं तिलाही ठाऊक होतं. मग ती मनाची समजूत घालायची. तिकडेच घालत असेल, तिथली थंडी आपल्यापेक्षा बोचरी. पुढच्या वर्षी समजूत बदलली, गाडीच्या गर्दीत मळू नये म्हणून ठेवून आला असेल, पोरगा जपतो. जानेवारीत वारा सुटला की ती बुखारेस्टचं तापमान बघायची. उणे बारा दिसलं की म्हणायची, आज तर नक्कीच घातला असेल, आणि मगच तिला जेवण जायचं. पदार्थविज्ञानाच्या शिक्षिकेने असं वागावं का, तर नाही. पण वागत होती. वर्गात दर डिसेंबरला ती मुलांना विचारायची, काय रे, कोट गरम असतो का? सगळी पोरं एका सुरात हो म्हणायची. मग ती थर्मामीटर कोटात गुंडाळून ठेवायची आणि तास संपताना काढून दाखवायची, पारा जिथल्या तिथे. कोटात ऊब नसते, आपल्यात असते, तो नुसती राखतो. त्या धड्यासाठी एकदा तिने हाच कोट नेला होता. आता समोर त्याच्या बाह्या सरळ खाली लोंबत होत्या, कोपरांना नवी एक सुरकुती नाही, लोकर तिने दिली तेव्हा होती तशीच फुललेली. म्हणजे उणे बाराच्या त्या सगळ्या रात्री हा कुठल्या तरी कपाटात होता. पोरगं उघडं होतं. कुठलं उघडं, कसलं उघडं, तिने स्वतःला दटावलं, मातीखाली थंडी वाजायला काही उरत नाही. आणि दात एकमेकांवर आपटू नयेत म्हणून तिने जबडा आवळून धरला.

एवढ्यात ओक्ताव गर्दीतून वाट काढत आला. दाढी वाढलेली, अंगाने चांगलाच भरलेला, आनंदाने कानापर्यंत लाल. त्याने तिला मिठी मारली, तिच्या पेल्यातली थोडी वाइन त्याच्या बाहीवर सांडली, त्याचं त्याला भान नव्हतं. बघितलंत ना बाई, तो म्हणाला, आणि एका दमात सगळं सांगून मोकळा झाला. बुखारेस्टच्या एका संग्रहालयातून एक बाई दुपारी येऊन गेल्या होत्या. कोटासमोर कितीतरी वेळ उभ्या होत्या, बाकी कशासमोर नाही. प्रदर्शन संपलं की त्यांना तो कायमचा हवा होता. काचेच्या कपाटात राहणार, आतली हवा यंत्राने सांभाळलेली, कसर लागायची नाही, रंग उडायचा नाही. चौघांत मिळून एका खोलीत राहणारा, पोटासाठी पाळणाघरांच्या भिंतींवर हत्ती आणि ससे रंगवणारा हा मुलगा. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी दार उघडलं होतं, आणि उघडल्याबरोबर त्याने आधी रारेशला आत घेतलं होतं.

"शंभर वर्षं राहील बाई, आपला रारेश," तो म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला.

यात लबाडी असती तर फार बरं झालं असतं, स्टेलियानाला वाटलं. लबाड माणसाच्या कानाखाली वाजवता येते. हा तर रारेशसाठी रडत होता, तिच्याशिवाय जगात एवढा एकच जीव रडत होता, आणि तोच त्याला काचेत घालून शंभर वर्षं गारठवायला निघाला होता. तिने विचारलं, तू तो घातला का नाहीस? त्यावर त्याने जे सांगितलं ते सुंदर होतं. गेलेल्याची जागा भरता येत नाही, आमची सगळी पिढीच दुसऱ्यांनी उतरवलेल्या आयुष्यांत वावरते, म्हणून मी न घालणं निवडलं, असं बरंच काही. तोंडी परीक्षेत पाठ केलेलं उत्तर ऐकावं तशी ती मान हलवत ऐकत राहिली. त्याचं संपल्यावर तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला, तितक्याच हळू. ओक्तावने खाली बघितलं. सातवीत असताना बघायचा तसंच.

"होत नव्हता, बाई."

मग बाकीचं आलं, तुकड्या तुकड्याने. त्याच संध्याकाळी घरी जाऊन त्याने घालून बघितला होता, खांद्यातच अडकला. दानाचा कपडा नको म्हणायचा नसतो, म्हणून उंबऱ्यावर बोलला नाही. पुढे कुणाला द्यावा तर गाव लहान, तुम्ही दुसऱ्याच्या अंगावर बघितला असता. मग कपाटात ठेवला. दर हिवाळ्यात कपाट उघडलं की तो समोर, आणि दर नाताळाला तुमच्याकडे यायचं ते निळं जाकीट चढवून. ती लाज बाळगून बाळगून शेवटी तिचंच हे झालं, असं म्हणून त्याने भिंतीकडे हात केला. स्टेलियानाला हसू येईल की काय असं वाटलं. खांदे. आईने मुलाचा कोट देताना घेणाऱ्याचे खांदे बघितले नाहीत, चाल बघितली. घंटा वाजवणाऱ्याच्या भाच्याने एव्हाना तो कोपरात फाडलाही असता, त्याच्यावर ठिगळं लागली असती, खिशात तंबाखूचा चुरा साचला असता. आणि तिकडे रारेश. तिकडे हा शब्द तिच्या डोक्यात आपसूक आला आणि तिने त्याला अडवलं नाही.

"काढ तो," ती म्हणाली. "घाल."

त्याने तिच्याकडे बघितलं. त्याला कळलं नाही असं नव्हतं. "एकदा घातला की हे काम संपलं, बाई. त्यांना न घातलेलाच हवाय."

हे तिला आधीच समजलं होतं, आणि त्याची दया येऊन तिचा जीव कासावीस झाला होता. आपण या पोराचं उघडलेलं दार आपल्या हाताने लावतोय. कशासाठी, तर ज्या गोष्टीला आपण बहिणीसमोर भाकडकथा म्हटलं तिच्यासाठी. तिने समजावून सांगायला शब्द शोधले. पस्तीस वर्षं ती कठीण गोष्टी सोप्या करून सांगत आली होती, पण या वेळी तिच्याजवळ पुरावा नव्हता, प्रयोग नव्हता, काही नव्हतं.

"माझा यावर विश्वास नाही, ओक्ताव. पण त्याला थंडी वाजतेय."

ओक्तावने तळहाताने नाक पुसलं, हात वर केला आणि कोट खिळ्यावरून काढला. आजूबाजूची माणसं वळली. कुणीतरी कुणाला तरी गप्प केलं, दोघातिघांनी मोबाइल वर धरले. एक बाही गेली. दुसरीसाठी त्याला पाठ वाकडी करावी लागली, स्टेलियानाने मागून कॉलर धरून ओढली, लहान मुलाला शाळेसाठी तयार करावं तशी, आणि काखेत शिवण टर्रकन उसवली. बटणं लागायचा प्रश्नच नव्हता. मनगटं चार बोटं बाहेर. तो वळला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हे ठरवलेलंच आहे, कार्यक्रमातलं. रुमाल वाळत घालणाऱ्या मुलीचे डोळे भरून आले होते. पाटी मात्र भिंतीवर तशीच राहिली, खाली वाकून ती काढायचं दोघांनाही सुचलं नाही.

बाहेर चल, स्टेलियाना म्हणाली. आत हीटर लावलेत, इथे काही सिद्ध होत नाही. तिच्या या बोलण्यावर ओक्ताव ओल्या डोळ्यांनी हसला आणि तिच्या मागोमाग निघाला. धक्क्यावर दिवे नुकतेच लागले होते. डॅन्यूबवरून वारा येत होता, फार नाही, पण कान दुखतील एवढा. नदीपलीकडची झाडं काळी पडत चालली होती. ती दोघं काही अंतर बरोबर चालली, आणि मग तिने ते सांगितलं जे तीन वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं, फक्त तिच्या तोंडून ते अगदी साधं निघालं: तू जरा पुढे चाल. ओक्तावने का म्हणून विचारलं नाही. तो पुढे गेला. तिने अंतर पडू दिलं, चष्मा काढून खिशात टाकला, डोळे किलकिले केले. हळदी रंग दिव्याखालून गेला, अंधारात बुडाला, पुढच्या दिव्याखाली परत आला. ती थांबली. आता, आता, ती मनात म्हणत होती. डावा खांदा जरा खाली येईल. पाय घाईत, डोकं निवांत. पण काखेत आवळत असल्यामुळे ओक्ताव दोन्ही हात अंगापासून दूर धरून बुजगावण्यासारखा चालत होता, आणि त्याची पाठ रुंद होती, आणि ती लकब कुठे गेली होती देव जाणे. रारेश नव्हता तर ती कुणाबरोबर चालून टिकणार. तिने डोळे अजून बारीक केले. सगळे दिवे फुटून पसरले, नदी आणि रस्ता एक झाला, तरीही त्या हळदी रंगात ओक्तावच होता, पहिल्या दिव्यापासून शेवटच्या दिव्यापर्यंत. रारेश तिला पापणी लवण्यापुरताही दिसला नाही.

"बाई," तो मागे न वळता म्हणाला, "ऊब यायला लागली."

हे वाक्य ऐकण्यासाठी तिने तीन हिवाळे काढले होते. ते ऐकलं आणि तिच्या छातीतला दगड खरोखरच हलला. म्हणजे आता तिकडेही, तिने विचार केला. आता तिकडे बाह्यांत हात गेले असतील, कॉलर वर केली असेल त्याने. तिने स्वतःला तपासून बघितलं, नेहमीच्या काटेकोरपणाने, आणि तिला दिसलं की हे ती मानते, पूर्ण, लिक्सांद्रा मानते तितकं. कोट तिकडे पोचला होता. म्हणजे रारेश तिकडे होता. इतके दिवस तो त्या शेतातच होता, वाऱ्यात, अर्ध्या वाटेवर, कुडकुडत, आणि कुडकुडत होता तोवर तिचा होता. त्याला आत घ्यायचं होतं, पांघरूण घालायचं होतं, रोज संध्याकाळी त्याच्यासाठी तापमान बघायचं होतं. ओक्ताव दूर जाऊन थांबला आणि वळला. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून दोन्ही हातांनी तोंड दाबून रडत होती. रारेशला आता तिच्याकडून काही नको होतं.